जखम भरली म्हणजे क्षमा केली का?

काही घटनांची तारीख मागे पडते, पण घटना मागे पडत नाही. करकचून लागलेल्या ब्रेकचा आवाज, एखादा विशिष्ट वास, रात्री दाराबाहेर वाजलेले पाऊल, एवढ्यानेही छाती धडधडू लागते. इतर आठवणी आपण काढतो तेव्हा येतात; ही न बोलावता येते आणि आली की सगळे आत्ताच घडत आहे असे वाटायला लावते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या अवस्थेला पीटीएसडी या नावाने आपल्या यादीत स्थान दिले. मराठीत मात्र भळभळती जखम म्हटले की आधी अश्वत्थामा आठवतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा.

अशा जखमेवरचा एक उपचार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. १९८७ मध्ये फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन अभ्यासक बागेतून चालत होत्या. मनात त्रासदायक विचार आला की आपले डोळे आपोआप भराभर इकडून तिकडे हलतात आणि नंतर तोच विचार तितका बोचत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी एक पद्धत बेतली आणि १९८९ मध्ये २२ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आज ही पद्धत ईएमडीआर या नावाने ओळखली जाते.

उपचारतज्ज्ञ आधी तुमची हकिकत समजून घेतो आणि मन घाबरे झाले तर शांत कसे व्हायचे ते शिकवतो. ही तयारी झाल्याशिवाय जखमेला हात लावत नाहीत. मग त्या घटनेतले सर्वांत वाईट दृश्य निवडायचे, त्यासोबत स्वतःविषयी कोणते वाक्य मनात घर करून बसले आहे ते सांगायचे (बहुतेक वेळा ते ‘चूक माझीच होती’ अशा जातीचे असते), शरीरात त्रास कुठे जाणवतो ते पाहायचे आणि त्या त्रासाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. दृश्य मनात धरून तज्ज्ञाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवायची, साधारण अर्धा मिनिट. थांबायचे, श्वास घ्यायचा, काय जाणवले ते सांगायचे, पुन्हा सुरू करायचे. हे संमोहन नाही. माणूस पूर्ण जागा असतो; त्याचे अर्धे लक्ष तेव्हाच्या क्षणात असते आणि अर्धे समोरच्या बोटांवर, म्हणजे आजच्या सुरक्षित खोलीत.

असे का घडते? सर्वाधिक अभ्यासलेले स्पष्टीकरण साधे आहे. मनाची एका वेळी धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. डोळ्यांच्या हालचालीने त्यातला काही भाग व्यापला की दृश्याला पुरेशी जागा उरत नाही, ते फिकट होते आणि त्याच फिकट रूपात पुन्हा साठवले जाते. काही संशोधकांच्या मते डोळे हलवणे हा निव्वळ वरचा सोपस्कार आहे, खरे काम दृश्याला धीराने सामोरे गेल्याने होते. हा वाद मिटलेला नाही. पण उपचाराचा गुण अनेकांना येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात पीटीएसडीसाठी त्याची शिफारस केली आहे. (येथे आपल्यापैकी काहींना त्राटक आठवेल. त्राटकात नजर स्थिर करतात, येथे ती हलवतात. ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.)

आता खरा प्रश्न. समजा, एका आईचा तरुण मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. प्रत्येक रुग्णवाहिकेच्या आवाजासरशी ती थरथरते. उपचार घ्या म्हटले की ती म्हणते, “हे दुःखच गेले, तर माझ्याजवळ त्याचे उरेल काय?” समजा, एका मुलीला लहानपणी जवळच्याच नातेवाइकाने छळले. ती म्हणते, “मला आतून काहीच वाटेनासे झाले, तर सगळे म्हणतील, बघ, एवढे काही नव्हतेच.” दोघींचे म्हणणे तुम्हाला हट्ट वाटते का? मला वाटत नाही. एकीने दुःखाला निष्ठा मानले आहे, दुसरीने पुरावा.

पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृती ही एक. या वृत्ती क्लेश देणाऱ्याही असू शकतात आणि क्लेश न देणाऱ्याही, असे ते सांगतात. म्हणजे स्मृती आणि क्लेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक राहून दुसरी जाऊ शकते. गीतेच्या शेवटी अर्जुन तर सांगतो की मोह गेला आणि स्मृती परत मिळाली. तेथे विसरण्याला मुक्ती म्हटलेले नाही. त्या आईला मुलाचा शेवटचा क्षण सोडून दुसरे काही आठवतच नाही. त्या क्षणाची पकड सैल झाली, तर मुलाची बावीस-तेवीस वर्षे तिला परत मिळू शकतात: त्याचे चिडणे, त्याची आवडती भाजी, शाळेच्या पहिल्या दिवशीचे रडणे.

मुलीचे उत्तर इतके सोपे नाही. आठवणीतला त्रास कमी होतो, तसे दृश्याचे ठसठशीतपणही कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. तक्रार किंवा खटला पुढे असेल, तर जे घडले ते आधी लिहून ठेवावे, वकिलाशी आणि उपचारतज्ज्ञाशी बोलावे. पण न्याय मिळेपर्यंत तिने तळमळतच राहिले पाहिजे, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. अपराध किती मोठा होता, हे पीडितेच्या रात्री किती जागून गेल्या यावर ठरत नाही. ती शांत झोपू लागली म्हणून अपराध लहान होत नाही, आणि अपराध्याला क्षमाही मिळालेली नसते. क्षमा ही तिने करायची किंवा न करायची गोष्ट आहे. तिच्या हृदयाचे ठोके संथ होणे ही शरीराची गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाली की घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि त्या नातेवाइकाला पुन्हा दिवाळीला बोलावतात.

ही गल्लत सत्संगातही होते. दुखावलेल्या माणसाला आपण फार लवकर सांगतो, “क्षमा करून टाका, प्रारब्ध होते, ध्यान वाढवा.” आपला हेतू चांगला असतो. पण ज्याला आघात झाला आहे त्याने डोळे मिटले की कधीकधी तेच दृश्य समोर उभे राहते. त्याला ‘तुमची साधना कमी पडते’ म्हणणे म्हणजे आधीच्या ‘चूक माझीच होती’ला आणखी एक पुरावा देणे. अशा व्यक्तीने डोळे उघडे ठेवून बसावे, चालत जप करावा, काही दिवस ध्यान थांबवावे. यात कमीपणा काहीही नाही. आणि पीडित व्यक्ती लहान मूल असेल, तर तेथे क्षमेचा प्रश्नच येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक छळाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, केंद्रावरच्या सेवेकऱ्यानेसुद्धा.

एक सावधगिरी सांगायला हवी. व्हिडिओ पाहून स्वतःवर किंवा एकमेकांवर हा उपचार करू नका. बोटे हलवणे कोणालाही जमते. उघडलेली जखम सांभाळायला प्रशिक्षण लागते. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ कोठे शोधावा हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

पुढच्या आठवड्यात कोणी तुमच्याजवळ येऊन असे काही सांगू लागले, तर उपदेश राहू द्या. पूर्ण ऐकून घ्या. मग विचारा, “हे डॉक्टरांना सांगितले आहे का? मी सोबत येऊ का?”