न विचारलेले सांगणे

वजन उतरविण्याच्या दवाखान्यात रुग्णाने विचारले नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितले नाही, तर ते असत्य ठरते काय? आमच्या मते ठरते.

१९९७ साली अमेरिकेत फेनफ्लुरामिन हे भूक मारणारे औषध बाजारातून मागे घेण्यात आले. त्याने हृदयाच्या झडपांना इजा होत असल्याचे आढळले होते. तोवर ते लिहून देणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनाही हा धोका ठाऊक नव्हता. त्यांना खोटे कसे म्हणावे?

आजची गोष्ट निराळी. आठवड्यातून एकदा टोचावयाच्या सेमाग्लुटाइडने मळमळ, उलट्या होतात, हे ठाऊक आहे. ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत चढल्याचे चाचणीत दिसले, हेही ठाऊक आहे. पहिल्या सुईआधीच हे सांगितले, तर काही गिऱ्हाइके (शब्द कटू आहे, पण येथे तोच लागू पडतो) उठून जातील.

सारे सांगितल्याने रोगी घाबरतो, असे कोणी म्हणेल. घाबरतो खरा. परंतु ज्याच्या मधुमेहाला वा गुडघ्यांना खरोखरच उतार हवा आहे, तो घाबरूनही बहुधा होकार देईल, आणि तो होकार त्याचा स्वतःचा असेल. बारीक छापील कागदावरील सहीला आम्ही होकार मानीत नाही. वाचावयास चष्मा जवळ होता काय, एवढे तरी आधी विचारावे.