आधी पाटी दाखव

"सर, डेटा अॅनालिटिक्सचा कोणता कोर्स लावू?" हे विचारायला तिघं एकदम आलात. मी उलट एवढंच विचारलं, "आत्ता काय काय येतं?" तर तिघांच्या माना खाली. फी किती, हप्ता किती, प्रमाणपत्र कोण देणार, पगार किती लागणार, सगळं तोंडपाठ. स्वतःला काय येतं, तेवढंच माहीत नाही. डॉक्टरकडे जाऊन "सगळ्यात भारी गोळी द्या" असं कुणी म्हणतं का रे? कोर्स मात्र तुम्ही असाच मागता.

आणि माहीत नाही असंही नाही. माहीत आहे, सांगायची लाज वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमची मूठ झाकलेली राहावी म्हणून तुमचे आईबाप खरोखरच लाख मोजायला निघालेत. म्हणून आज एकेकाला सरळ करतो. राग आला तर येऊ द्या.

आधी तू. बी.कॉम. झालास, शाबास. हातातलं पत्रक दे इकडे. सहा महिन्यांत एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय, टॅब्लो, पायथॉन, मशीन लर्निंग आणि वर तोंडी लावायला जनरेटिव्ह एआय. खाली लिहिलंय, "पूर्वज्ञानाची गरज नाही." हे वाचून तुला आनंद झाला. मला संशय आला. ज्या वर्गाला तुझ्या पूर्वज्ञानाशी घेणंदेणं नाही, त्याला तुझ्या उत्तरज्ञानाशीही नसेल.

मघाशी तुला विचारलं: निकाल ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला, तर वाढ किती? "दहा टक्के" म्हणून मोकळा झालास. टक्केवारी दहा अंकांनी वाढली. मूळच्या निकालाच्या प्रमाणात ती वाढ २५ टक्क्यांची आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर इथे अडखळतो आणि त्याला मशीनला शिकवायचंय!

आता नीट ऐक. लासूर स्टेशनच्या कांदा बाजाराचा तक्ता डोळ्यांसमोर आण. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव कुणालाही फुकट पाहता येतात. रकाने ठरलेले: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. समज, एका दिवशी आवक ५० क्विंटल आणि सर्वसाधारण दर ३,००० रुपये. दुसऱ्या दिवशी आवक ५,००० क्विंटल, दर १,०००. दोन दिवसांचा सरासरी दर किती? तू दोन्ही आकडे मिळवून दोनाने भागणार आणि २,००० म्हणणार. एक्सेलही तेच म्हणेल, कारण तू त्याला तेवढंच विचारशील. पण विकलेल्या मालाचे एकूण पैसे झाले ५१ लाख ५० हजार, आणि माल ५,०५० क्विंटल. भागाकार कर. क्विंटलमागे सुमारे १,०२० रुपये पडले. तुझ्या अहवालात शेतकरी दुप्पट श्रीमंत, आणि तो बिचारा भाड्याचे पैसे सुटतात का ते बघत बसलाय.

यात कुठल्या सॉफ्टवेअरचा दोष? कुठल्याच नाही. आवकेनुसार भार द्यायचा असतो, हे तुला सुचलं नाही. ते सुचायला लागणारं गणित शाळेतलं आहे, आणि ते कच्चं ठेवून पुढचे सगळे मजले हवेत उभे राहतात.

आता तेच पत्रक उलटून बघ. "सर्वाधिक पॅकेज" म्हणून मोठ्ठा आकडा छापलाय. बाजार समितीच्या भाषेत सांग, हा कुठला दर? जास्तीत जास्त. कमीत कमी कुठे आहे? सर्वसाधारण कुठे आहे? आणि आवक? म्हणजे वर्गात बसले किती, कोर्स पुरा केला कितींनी, नोकरी लागली कितींना? चार रकान्यांपैकी एकच दाखवणाऱ्या व्यापाऱ्याला तुझ्या आजोबांनी कांदा घातला नसता. तू दोन वर्षांचे हप्ते घालायला निघालास.

हप्ता म्हणजे काय, तेही समजून घे. "बिनव्याजी सुलभ हप्ते" या शब्दांमागे पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं आणि सही तुझी असते. वर्ग आवडला नाही, तू सोडलास, उद्या वर्गालाच कुलूप लागलं, तरी वित्तसंस्था तुझ्याच दारात येते आणि थकबाकी तुझ्याच सिबिलवर चढते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीच्या खोट्या हमीचा त्यात समाचार घेतलाय. तरी कागद वाचायचं काम प्राधिकरण तुझ्यासाठी करणार नाही.

तुझी जागा सांगतो. तुला आज एक्सेल पाहिजे, आणि तेही घासून. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र दाखवू नकोस मला. ते घराघरात आहे. फाइल उघडून दाखव. तारखा मजकूर म्हणून शिरल्या असतील तर दुरुस्त करता येतात का? एकाच बाजाराचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं असेल तर ते पकडता येतं का? महिनावार आवक पिव्होट टेबलने काढता येते का? एक्सेलला नाक मुरडायची फॅशन आहे हल्ली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत सरकारी आरोग्य यंत्रणेच्या रोजच्या मोजणीतून कोरोनाचे जवळपास १६,००० रुग्ण गळाले. कारण काय? जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी फाइलमध्ये आल्याच नाहीत आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. २००७ पासूनच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एवढी साधी मर्यादा लक्षात न घेण्याची किंमत ही. आणि तू म्हणतोस, "एक्सेल काय, येतंच की!"

आता तू गं. तू का हसतेस? तुझी चूक उलट्या टोकाची आहे, पण चूकच आहे. वाळूजच्या कारखान्यात डिस्पॅचचा एमआयएस तू सांभाळतेस. पिव्होट तुला येतं, व्हीलुकअप येतं, महिनाअखेरीला साहेबांचा तक्ता तूच करतेस. आणि नाव कुठे घातलंस? "बेसिक टू अॅडव्हान्स्ड" बॅचमध्ये. का? "सर, माझं इंग्रजी कच्चं आहे, कॉम्प्युटरची डिग्री नाही." म्हणजे दिवसभराची ड्यूटी करायची, कंपनीच्या बसने नगर नाक्यावर उतरायचं, तिथून क्रांती चौकात जायचं, आणि दोन महिने काय शिकायचं? सेलला रंग कसा द्यायचा! स्वतःला कमी लेखणं हा नम्रपणा नाही. त्यातही फी जाते आणि वेळ जातो.

तुला एसक्यूएल पाहिजे. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या स्वरूपात माहिती साठवण्याचा विचार मांडला, १९७४ मध्ये आयबीएमच्या दोघांनी त्यावरून ही भाषा बेतली, आणि आज पन्नास वर्षांनीही ती कामात आहे. तिची वाक्यं थोडी आणि ठरावीक असतात. तुझं इंग्रजी तेवढ्याला पुरून उरेल. अवघड आहे ते डोक्याचं काम. एक तक्ता पाठवलेल्या मालाचा, एक परत आलेल्या मालाचा. दोन्ही जोडायचे. चुकीच्या पद्धतीने जोडलेस, तर ज्यांनी काहीच परत केलं नाही ते ग्राहक यादीतून गुपचूप गळतात आणि परताव्याचं प्रमाण फुगतं. पडद्यावर चूक दाखवली जात नाही. तक्ता छान दिसतो, साहेब बैठकीत तोच फिरवतात, आणि निष्कारण कुणाच्या तरी खात्याचा गळा धरला जातो. हे धोके तुला एका दिवसात कळतील, कारण माल कुठून कुठे जातो ते तू रोज बघतेस. एसक्यूएल हातात आलं की पॉवर बीआय घे. त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट मिळते. पहिल्या पानापासून सुरुवात करणारी बॅच सोड आणि त्यांना सरळ विचार, "माझी परीक्षा घेऊन मला पुढच्या तुकडीत बसवता का?" नाही म्हणाले, तर ती जागा तुझी नाही.

आणि तू, संख्याशास्त्रातला बी.एस्सी. तुझ्यावर तर मी जास्तच चिडलोय. रिग्रेशन येतं, चाचण्या येतात, ॲन्सकोमचे १९७३ चे ते चार संच तुला पाठ आहेत. सरासरी सारखी, प्रसरण सारखं, सहसंबंध सारखा, आणि आलेख काढला की चौघांची तोंडं चार दिशांना. एवढं कळणारा पोरगा निव्वळ डॅशबोर्डचा कोर्स घेतो, कारण त्यात माऊसने भागतं आणि कोड लिहावा लागत नाही! भीती वाटते म्हणून खालच्या इयत्तेत बसायचं आणि वर मित्रांना सांगायचं, "मार्केटमध्ये याचीच डिमांड आहे."

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये नमुना पाहणीच्या आकड्यांवरून या देशातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला, तेव्हा एक्सेल जन्माला यायला चौदा वर्षं होती. आकड्यांना काय विचारायचं, हे त्यांना ठाऊक होतं. तुलाही थोडंफार ठाऊक आहे, आणि ते पैसे टाकून सहा महिन्यांत मिळत नाही. तुझ्यापुढे फक्त पायथॉन आहे. ती भाषा १९९१ पासून आहे, तिच्यातलं पांडाज हे तक्त्यांचं साधन २००८ पासून घडत आलंय, आणि दोन्ही फुकट आहेत. रोज तासभर बसलास तर भीती जाईल. मशीन लर्निंगचा विचार तिघांत फक्त तुला करता येईल, तोही त्यानंतर.

आता तिघांनी मिळून ऐका. एक्सेल नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे. एसक्यूएल शिकायला लागणारी साधनं फुकट आहेत. स्वयम् आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे धडे फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. मग वर्गाला पैसे कशाचे मोजायचे? वही तपासण्याचे. तुमची चूक शोधून, तिच्याखाली लाल रेघ मारून, पुन्हा करून आणायला लावणाऱ्या माणसाचे. असा माणूस त्या वर्गात नसेल, तर तुम्ही एसीची हवा विकत घेताय.

म्हणून जाल तिथे चार गोष्टी विचारा. माझा गृहपाठ कोण तपासणार आणि किती दिवसांत? सराव कुठल्या आकड्यांवर होणार, की सगळ्या बॅचना तीच घासून गुळगुळीत झालेली तयार फाइल? एक तास बसून बघू देता का? आणि सोडलं तर किती पैसे परत, ते लिहून देता का? उत्तरं टाळली की उठायचं. चहा पाजला तरी उठायचं.

सरळ चाललेली ठिकाणंही आहेत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात शिरायचं, तर सर्वसाधारण विद्यार्थ्याला आधी चार आठवडे शिकावं लागतं आणि मग पात्रता परीक्षा द्यावी लागते. पुढे पायाभूत, पदविका, पदवी अशा पातळ्या. मध्येच थांबलात तरी तेवढं प्रमाणपत्र हातात येतं. नाव आयआयटीचं आहे, तरीही ते आधी तपासून बघतात. आणि तुमच्या चौकातला दोन खोल्यांचा वर्ग बारावीवाल्याला, इंजिनिअरला आणि निवृत्त कारकुनाला एकाच बाकावर बसवतो! आपल्या विद्यापीठाच्या आवारात नायलिट या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथेही जा, अभ्यासक्रमाचा कागद मागा, प्रवेशाची अट वाचा. ज्या कोर्सला अट आहे, त्याला तुमचा विचार करावा लागलाय एवढं समजा.

मैत्रिणीने घेतला, मामेभाऊ त्याच वर्गातून पुण्याला लागला, हे मला सांगायचं नाही. मामेभाऊ तिथे गेला तेव्हा त्याला काय येत होतं, ते विचारलंत का?

आता काम. लासूर किंवा जाधववाडी, कुठलाही एक बाजार निवडा आणि कांद्याच्या वर्षभराच्या भावांची फाइल करा. बी.कॉम.वाल्याने महिनावार आवक आणि भारित सरासरी दर काढायचा. तू गं, त्याच आकड्यांचे दोन तक्ते कर, एकात आवक आणि एकात दर, आणि एकही दिवस न गळता एसक्यूएलने जोडून आण. संख्याशास्त्रवाल्याने आवक आणि दर यांचा संबंध पायथॉनमध्ये आलेख काढून दाखवायचा, आणि त्यावरून काय म्हणता येत नाही ते चार ओळींत लिहायचं. कुणाची नक्कल नको. एआयकडून करवून आणलंत तर प्रत्येक ओळीचं कारण विचारीन, मग पळता भुई थोडी होईल.

रविवारी सकाळी सात वाजता. काम अर्धवट राहिलं तरी चालेल. जिथे अडलात तिथे खूण करून आणा. कोर्स तिथूनच सुरू करायचा, एक धडा अलीकडे नाही आणि एक धडा पलीकडे नाही. तोवर कुणीही कुठल्या कागदावर सही करायची नाही. उठा आता.