कट् कट् कुठून येते?



गेल्या पहिल्या शुक्रवारी आजारी मंडळींना परमप्रसाद द्यायला आम्ही सायकलवरून निघालो, तेव्हा वाटेवरच्या घरांना आमच्याआधी आमच्या सायकलचा आवाज ऐकू गेला असेल. उजवा पाय दाबला की कट्. पुन्हा दाबला की पुन्हा कट्. एका आजींनी तर दारातच विचारले, "फादर, सायकलला काय झालं?" आम्ही उत्तर दिले, "चेन वाईट बसवलीय."

हे उत्तर खोटे होते. पण ते खोटे आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. मग आमचा दोष तो काय? 'माहीतच नव्हते' एवढे म्हटले की माणूस सुटतो का? गेले काही दिवस हा प्रश्न आमच्या मनात सायकलपेक्षा जास्त वाजतो आहे.

हकीकत अशी. आवाज सुरू होण्याच्या चार दिवस आधी आम्ही नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून नवी चेन बसवून घेतली होती. आधी आवाज नव्हता, चेन बदलली, आवाज आला. तेव्हा दोष चेनचाच! सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही ही चूक पाठ केली होती: जे नंतर घडते ते त्यामुळेच घडते असे नाही. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. पण स्वतःची सायकल वाजू लागली तेव्हा ते गुण कामी आले नाहीत. शिवाय आवाज येत होता खालून, उजव्या बाजूने, आणि चेनही उजवीकडेच असते. आणखी एक कारण होते, ते सांगायला जरा लाज वाटते. काकांनी मजुरी आमच्या अपेक्षेपेक्षा थोडी जास्त घेतली होती.

त्या रविवारी मिस्सानंतर फाटकापाशी तिघा जणांशी गप्पा मारताना आम्ही बोलून गेलो की, काकांनी बहुधा जुनीच चेन पुसून बसवली असावी. 'बहुधा' म्हणालो होतो का, हेही आता नीट आठवत नाही. तिघांपैकी एकाने दुसऱ्याच दिवशी मुलीची सायकल दुसरीकडे दुरुस्तीला नेली. फादरांनी सांगितले म्हटल्यावर कोण विचार करणार?

शेवटी आम्ही तक्रार घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी चेन मधोमध बोटाने वरखाली केली. अर्धा इंच ढील, म्हणजे ठीक. मग सायकल स्टँडवर लावून पायडल हाताने फिरवले. काही आवाज नाही. "वजन पडल्याशिवाय वाजत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. आम्हांला म्हणाले, "फादर, जरा चालवा, आणि मध्येच पाय थांबवा." पाय थांबवले की कट् बंद, नुसती फ्रीव्हीलची टिकटिक उरली, ती तर असायचीच. म्हणजे चाकाचा दोष नाही, कारण चाक तर फिरतच होते.

मग त्यांनी जो हिशेब सांगितला, तो आमच्या कुठल्याही प्राध्यापकाने मान्य केला असता. आमच्या सायकलच्या पुढच्या चक्रीला ४८ दाते आहेत, मागे १८. पायडलच्या एका फेरीत मागचे चाक अडीच फेऱ्यांहून जास्त फिरते. चाकात खोट असती तर एका फेरीत आवाज दोनतीनदा आला असता. चेनच्या कड्या ११२. एखादी कडी अडकत असती तर ती पायडलच्या सव्वादोन-अडीच फेऱ्यांनी एकदाच चक्रीवर आली असती. इथे तर प्रत्येक फेरीला नेमका एकच कट्. म्हणजे जी वस्तू फेरीला एकदाच दाबली जाते, तिथेच खोट. पायडल, क्रँक, क्रँकची कॉटर पिन, खालचा एक्सल, "नाहीतर बसणारा," काका म्हणाले.

"आता सीटवरून उठून, उभ्याने चालवा बघू."

उभे राहिलो. आवाज गेला. बसलो, आला. पुन्हा उभे राहिलो, गेला. भारतीय न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: एक गोष्ट असताना दुसरी असते, नसताना नसते. काकांनी सीटच्या उजव्या कडेवर तळहात दाबला. कट्! उजवा पाय दाबताना आमचे अंग उजवीकडे कलत होते, सीट क्लिपमध्ये किंचित सरकत होती आणि तो ठोका पोकळ नळ्यांतून खाली उतरून चेनपाशी ऐकू येत होता.

सीटच्या क्लिपचा उजवा नट ढिला होता. चेन बदलली त्याच आठवड्यात सीटचे टोक जरा खाली झुकवण्यासाठी तो कोणी सैल केला होता? आम्हीच. शेजाऱ्यांकडून पाना आणून. आणि पुरता आवळला नव्हता. काकांनी तो आवळला, पैसे घेतले नाहीत, आणि चेनबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. फाटकापाशी आम्ही काय बोललो ते त्यांच्या कानावर गेले होते की नाही, हे विचारायचे धैर्य आम्हांला त्या दिवशी झाले नाही.

संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी संशयावरून न्याय करण्याबद्दल लिहिताना संशयाची मुळे शोधली आहेत. माणूस स्वतः वाईट असतो म्हणून दुसऱ्यावर संशय घेतो, किंवा त्या माणसाविषयी मनात अढी असते म्हणून, किंवा अनुभवाने पोळलेला असतो म्हणून. आमचा काकांबद्दलचा वाईट अनुभव शून्य. उरली ती जादा मजुरीची अढी. पुढे ते असेही दाखवतात की, किरकोळ खुणेवरून मनात शंका येणे हा हलका दोष, तो माणसाच्या जिण्याबरोबर येतोच. पण त्याच शंकेला खात्री समजणे ही निराळी आणि जड गोष्ट. चेनवर शंका घेण्यात आम्ही फारसे चुकलो असे आजही वाटत नाही, काकांनीही आधी चेनलाच हात लावला. फरक एवढाच की त्यांची शंका बोटांत होती, आमची जिभेवर. त्यांना उत्तर शोधायचे होते, आम्हांला ते आधीच मिळाले होते. उभे राहून चालवायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट न देता आम्ही 'माहीत नव्हते' म्हणत होतो, आणि ते न माहीत असणे आमचेच होते.

कोणी म्हणेल, चेन, नट, एवढ्याशा गोष्टीचे फादर काय घेऊन बसलेत! चेनचे काही बिघडले नाही हे खरे. पण नाक्यावर दुरुस्तीची पेटी मांडून बसणाऱ्या माणसाजवळ पाना, हातोडी आणि नाव, एवढेच भांडवल असते. अक्वायनस यांच्या मते खोटे बोलून कोणाचे नाव घालवले, तर आपण खोटे बोललो हे सांगून ते परत करावे लागते. देवापाशी क्षमा मागितल्याने ते देणे फिटत नाही. आता आम्ही काही जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो, अशी पळवाट इथे दिसते. आम्ही तीही थोडी चालून पाहिली, पण गेलेले नाव दोन्ही प्रकारांत सारखेच जाते.

काकांना आम्ही सांगितले. ते "असू द्या, फादर" म्हणाले आणि पंक्चरचे काम करत राहिले. आजींना येत्या पहिल्या शुक्रवारी सांगू. फाटकापाशी असलेल्या तिघांपैकी दोघांना सांगून झाले. ज्यांनी मुलीची सायकल दुसरीकडे नेली ते तिसरे गृहस्थ दोन रविवार भेटलेले नाहीत. हे पत्रक त्यांच्या घरीही जाते.