बाहुला आणि मूर्ती

सन १९९३ चा महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ लोक हसण्यासाठी पाहतात. आम्हांस त्यात एक धर्मप्रश्न दिसतो. मरणोन्मुख तात्या विंचू मृत्युंजय मंत्राने आपला जीव बाहुल्यात घालतो आणि हत्यासत्र पुढे चालवितो. खेळण्यावर आरोपपत्र कोण ठेवणार?

मंत्राने निर्जीवात प्राण आणणे आपणांस अपरिचित नाही. प्रतिष्ठित मूर्ती कायद्याच्या दृष्टीनेही व्यक्ती होय. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली तसे मानले. मग मूर्ती आणि हा बाहुला यांत भेद कोणता? आमच्या मते तो मंत्रात नाही, संकल्पात आहे. दाता देवास जमीन अर्पण करतो तेव्हा तिच्यावरचा आपला हक्क सोडतो. तात्या काहीच सोडीत नाही. त्याला जुन्या कर्माचा जाब चुकवून नवा देह हवा असतो.

असे बाहुले आम्ही न्यायालयात पुष्कळ पाहिले. त्यांना डोळे मिचकावता येत नव्हते, इतकेच. कागदोपत्री शेत देवाचे, उत्पन्न मात्र दात्याच्याच घरी. असले दान न्यायालय लटके ठरविते. पण तोवर कित्येक वर्षे धनकोंना दारातून परत धाडण्याचे काम त्या देवाकडून करवून घेतलेले असते.