बॉल जॉइंट आणि न बघण्याची सोय

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या काळात कायदा आपल्याकडे पीयूसी मागतो, विमा मागतो. पुढचं चाक जागेवर धरून ठेवणारा बॉल जॉइंट झिजलाय का, हे मात्र विचारत नाही. टॅक्सी-ट्रकना ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी आहे, आपल्याला नाही. बघायचं की नाही, हे आपल्या मनावर सोडलंय.

मग न बघणं ही चूक आहे का? ‘मला माहीतच नव्हतं’ ही सबब आपण सहसा मान्य करतो. पण माहीत करून घेणं किती सोपं होतं, यावर तिची किंमत ठरायला हवी.

आणि हे सोपं आहे. सपाट, टणक जमीन. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण. जॅकने पुढची बाजू उचलायची आणि वजन लगेच स्टँडवर टेकवायचं. (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली एका मिनिटासाठीही जायचं नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.) चाक वर-खाली धरून हलवायचं. ढिलं लागलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, ढिलाई गेली तर बहुधा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉड एंडचं कळतं. मग टॉर्च घेऊन बघायचं: रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का, शॉकअप तेलाने ओला आहे का.

अवघड भाग यानंतरचा. हाताला ढिलाई लागली की ती विसरता येत नाही. आमच्या कामात रात्री वाजणारा अलर्ट म्यूट करणारे असतात. सर्व्हर तितकाच बिघडलेला असतो, फक्त झोप छान लागते.

‘माझी गाडी, माझा धोका’ हे इथे चालत नाही. स्टँड मला वाचवतो. पण खंबाटकी घाटात सांधा निसटून चाक दुमडलं, तर शेजारच्या लेनमधल्या बाइकवाल्याला कुणी विचारलं होतं?

गॅरेजवाला उगाच पार्ट बदलायला लावतो, अशी तक्रार असते. मग चाक आपल्या हाताने हलवून दाखवायला सांगा.

जुनी गाडी विकताना मात्र माझं गणित अडतं. घेणारा विचारत नाही, आणि सांगितलं की किंमत पडते.