आधी त्याचा मोबाईल परत द्या

बसा. दोघंही बसा. पोराला बाहेर थांबवलंय, कारण आजची बोलणी तुम्हाला खायची आहेत.

सहामाहीत गणितात नऊ मार्क पडले म्हणून धावत आलात. बरं केलंत. पण दोन महिने तो कबड्डीच्या सरावाला फिरकलेला नाही, हे ठाऊक होतं? जिल्ह्यात खेळून आलेला पोरगा मैदानाकडे पाठ फिरवतो आणि घरात कुणाला पत्ता नाही! डबा भरलेला परत येत होता, तो तरी दिसला असेल? दिसला. आणि तुमचा निकाल काय, तर 'नखरे'.

मघाशी म्हणालात, माज आलाय, उलट बोलतो. आता नीट ऐका. मोठ्या माणसाला नैराश्य आलं की तो बहुधा उदास दिसतो. चौदा-पंधराच्या पोरात तेच दुखणं पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. दारं आपटतात, शब्दाला शब्द लागतो, डोकं दुखतं, पोट दुखतं आणि तपासलं तर काही सापडत नाही. डॉक्टर ज्या निकषांवर निदान करतात त्यांतच म्हटलंय, की या वयात उदासीच्या जागी चिडखोरपणाही धरावा. तो कोपऱ्यात बसून रडला असता तर जवळ घेतला असतात. ओरडला, म्हणून पट्टा काढलात.

हो, या वयात सगळेच चिडतात, मी रोज वर्गात तेच झेलते. रात्री झोप उशिरा येणं, सकाळी उठवत नसणं, हेही वयाचंच. पण दोन आठवडे उलटले, जवळजवळ रोज तेच, ज्यात जीव होता ते सुटलं, भूक गेली, 'मी कशाच्याच लायकीचा नाही' असं बोलायला लागला, तर वयावर ढकलून मोकळं व्हायचं नसतं.

'त्याला कमी काय आहे?' टायफॉइड झाला तेव्हा विचारलं होतंत का हे? आणि 'आमच्या वेळी असलं नव्हतं' हे तर मला सांगूच नका. होतं. तेव्हा देवऋषी होता, नाहीतर विहीर होती. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय पाहणी केली. १३ ते १७ वयाच्या शंभरांत सातेक मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला. माझ्या साठाच्या वर्गात चार झाले. गणित तुम्हालाच प्रिय आहे, म्हणून सांगितलं.

आणि ताई, नुसती मान डोलवू नका. पाहुण्यांत बोभाटा होईल म्हणून तुम्ही नणंदेच्या आजारपणाचा विषय टाळताय. डॉक्टरांसमोर टाळायचा नाही. हे दुखणं घराण्यात उतरू शकतं, त्यांना कळलंच पाहिजे.

आता कामाचं. मोबाईल परत द्या. रात्री झोपताना काढून घ्या, चालेल. पण मित्रांशी बोलायला त्याच्याकडे तेवढंच उरलंय. फवारणीच्या औषधाचे डबे पडवीत उघड्यावर असतात ना? आज, घरी पोचल्यावर पहिलं काम, ते कुलपात. किल्ली तुमच्या कमरेला. मग त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का म्हणून. विचारल्यानं असला विचार डोक्यात शिरेल, ही भीती काढून टाका, तसा तो शिरत नाही. हो म्हणाला तर क्षणभर एकटं सोडायचं नाही, तडक सिव्हिल गाठायचं. नाही म्हणाला तरी याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवायचं. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ फिरवा. सरकारची 'टेली मानस' सेवा आहे ती, २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात.

डॉक्टर त्याच्याशी बोलतील, गरज वाटली तर गोळ्याही देतील. गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवातीला जास्तच लक्ष ठेवायचं. जरा हसला की आपल्या मनानं गोळ्या बंद, हा शहाणपणा करायचा नाही.

दहावीचं काय, हे विचारायला तोंड उघडताय, दिसतंय मला. बोर्ड पुरवणी परीक्षाही घेतं. जा, त्याला घेऊन जा. आणि वाटेत गणिताचं नाव काढलंत तर गाठ माझ्याशी आहे.