आवणीच्या आठवड्यातली गैरहजेरी

कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळलं की आंदर मावळची हद्द लागते. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीपासून हे खोरं हाकेच्या अंतरावर, आणि त्या वसाहतीत एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते: स्थानिक पोरं कामाला टिकत नाहीत. भाताची आवणी आली की दांडी, गावची जत्रा आली की दांडी, वर कुणी रागावलं की पुढाऱ्याचा फोन. ‘इथं कार्यसंस्कृतीच नाही’ असं म्हणून साहेब मोकळे होतात, जणू हा इथल्या हवापाण्याचाच दोष. दांड्या पडतात हे खरंच आहे. पण त्याचं खापर माणसांच्या स्वभावावर फोडणं चूक आहे, आणि ते सिद्ध करायला मावळच्या माणसांसारखा पुरावा दुसरा नाही.

मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या डोंगरपट्ट्यातून गेलेली माणसं १८९०च्या सुमारापासून मुंबईत जेवणाचे डबे पोचवत आली आहेत. महादू हावजी बच्चे यांनी ही पद्धत घालून दिली. कोरोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे नेत. बहुतेकांचं शिक्षण बेताचं. डब्याच्या झाकणावर पत्ता नसतो; रंगानं काढलेली दोन-चार अक्षरं आणि आकडे असतात. डबा कुठून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून पुढं कोणी न्यायचा, कोणती इमारत, कितवा मजला, हे सारं तेवढ्यात मावतं. ‘सिक्स सिग्मा’ या अचूकतेच्या मापाचं बिरूद त्यांना १९९८च्या ‘फोर्ब्स’मधल्या लेखापासून चिकटलं. त्यामागची मोजणी कुणी, कशी केली हे मात्र विचारू नये. मला त्या बिरुदापेक्षा त्यांची घडी महत्त्वाची वाटते. वीस-पंचवीस जणांची टोळी, तिचा अनुभवी मुकादम, टोळीत आलेल्या पैशाची जवळपास सारखी वाटणी. नवा माणूस आधी उमेदवारी करतो आणि मग रक्कम भरून धंद्यातला वाटेकरी होतो. टोळीत दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, म्हणून एखादा आजारी पडला तरी डबा थांबत नाही. कामावर दारू प्यायली, टोपी घातली नाही, न सांगता घरी राहिला, तर दंड. आणि तो बसवणारे आपलेच भागीदार. जत्रेचंही तसंच. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतात तेव्हा सगळे मिळून पाच-सहा दिवस सुट्टी घेतात, आणि गिऱ्हाइकाला ती आधीच ठाऊक असते. ज्या जत्रेनं कारखान्याची पाळी कोलमडते, ती इथं वर्षाच्या वेळापत्रकातच बसवलेली आहे.

कुणी म्हणेल, डबे पोचवणं वेगळं आणि मोटारी बनवणं वेगळं. मग मोटारींचंच उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना बदनाम होता. पाचातला एक कामगार गैरहजर, दारू, सततचे झगडे. कंपनीनं १९८२मध्ये तो बंद केला. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत ‘नम्मी’ या नावानं तो पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी जुनेच, संघटनाही तीच. तरी गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. तिथं साध्या कामगारालाही दोरी ओढून अख्खी साखळी थांबवण्याचा अधिकार मिळाला होता, आणि मंदीत त्याला घरी न पाठवण्याचा शब्द दिलेला होता. १९८७-८८मध्ये मागणी घसरली तेव्हा कंपनीनं माणसं काढली नाहीत, त्यांना प्रशिक्षणाला बसवलं. शब्द पाळला गेला हे कामगारांनी पाहिलं. भिंतीवरच्या घोषणांनी जे साधत नाही ते अशानं साधतं.

त्याच जनरल मोटर्सनं २००८मध्ये तळेगावात कारखाना सुरू केला. डिसेंबर २०२०मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, पुढच्या वर्षी चौदाशेहून अधिक कामगारांना ले-ऑफच्या नोटिसा मिळाल्या, आणि जानेवारी २०२४मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. यंत्रं आणि कार्यपद्धती जागतिक दर्जाच्या होत्या. निर्णय सातासमुद्रापार झाला. धंदा तोट्यात असेल तर तो बंद करण्याचा कंपनीचा हक्क मी नाकारत नाही. पण असा प्रसंग पाहिलेल्या पंचक्रोशीत पुढच्या कंपनीनं ‘आपलेपणा’च्या कार्यशाळा घेतल्या तर त्यांवर कोण विश्वास ठेवील? त्यात नित्याच्या कामालाही कंत्राटी माणूस: पगार ठेकेदाराकडून, हुकूम कंपनीच्या सुपरवायझरचा, आणि काही महिन्यांनी नोकरीत ‘ब्रेक’. बाजूच्या कायम कामगाराचं काम तेच, पगार कितीतरी जास्त. अशा पोरानं भाताची आवणी सोडून कामावर का यावं? कारखाना त्याला पुढच्या वर्षाची खात्री देत नाही. खाचर निदान वर्षभराचा तांदूळ देतं. त्याची दांडी हा आळस नसून चोख हिशेब आहे.

खरा आक्षेप याहून अवघड आहे. डबेवाल्यांची शिस्त नात्यागोत्यावर उभी आहे. बाहेरच्याला तिथं शिरकाव नाही, बायका जवळजवळ नाहीतच. शिवाय कोरोनात कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा ही नावाजलेली संस्कृती त्यांना वाचवू शकली नाही. कित्येक जण गावी परतले. दोन्ही गोष्टी मान्य. भावकीची भरती कारखान्यानं उचलावी असं मी म्हणत नाही. ती उचलली तर पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्यांचा आजचा रोग आणखी बळावेल. आणि चांगली घडी बाजाराचा घाव अडवत नाही, हेही खरं. पण नम्मीत कुणी कुणाच्या भावकीतलं नव्हतं. तिथं आणि डबेवाल्यांत सारखं काय, तर काम करणाऱ्याला चूक थांबवण्याचा किंवा शिस्त लावण्याचा अधिकार, आणि उद्याच्या कमाईची हमी किंवा तीत हिस्सा. या गोष्टींना खर्च येतो. जादा माणसं ठेवावी लागतात, मंदीत पगार द्यावे लागतात. ‘नम्मी’ जवळून पाहूनही जनरल मोटर्सला आपल्या इतर कारखान्यांत ते वर्षानुवर्षं रुजवता आलं नाही, कारण त्यासाठी आधी साहेबांना आपले अधिकार सोडावे लागले असते.

आंदर मावळला दूरवरून चालणारा कारभार नवा नाही. ठोकरवाडीचं धरण १९२२च्या सुमाराला टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीनं बांधलं. जमिनी इथल्या बुडाल्या, पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडलं गेलं आणि वीज मुंबईच्या कामी आली. आता कारखाने दाराशी आले आहेत, तेव्हा प्रश्न तरी दारातच विचारता येतात. स्थानिक माणूस कामाचा नाही, असं कुणी व्यवस्थापक पुन्हा म्हणाला, तर मावळातल्या वाचकानं वाद घालू नये. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्यांतले किती जण आज कायम आहेत, आणि आवणीच्या आठवड्याचं वेळापत्रक ठरवताना कामगारांना विचारलं होतं का, एवढं त्याच्याकडून लेखी मागावं.